सांगितलं की गुण जातो

"बीपीची गोळी सोडून आणखी काही घेता का, मावशी?" भुलीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

"आयुर्वेदिक, गावठी, झाडपाल्याचं? कुणी दिलेली पावडर, काढा, काहीही?"

"न्हाई ओ बाई. काय सुदिक न्हाई."

पलंगाच्या पायथ्याशी माझी धाकटी जाऊ रंजना उभी होती. ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं.  डॉक्टरबाईंनी उद्या सकाळपासून पाण्याचा घोटही घ्यायचा नाही असं बजावलं आणि त्या शेजारच्या पलंगाकडं गेल्या.

हे सांगायला आज मी जिवंत आहे ती रंजनामुळं. नाहीतर त्या एका 'न्हाई'पायी माझ्या फोटोला कधीच हार लागला असता. तुमच्यापैकी कुणी ऑपरेशनला निघालं असेल, किंवा घरचं कुणी निघालं असेल, तर एवढं वाचूनच जा. मी काही डॉक्टर नाही. माझ्या अंगावरून जे गेलं तेवढंच सांगते.

मी कोण आणि पुडी कुणाची

मी शालन. आष्ट्यात आमची पिठाची गिरण आहे. मालक शेतात, मी गिरणीत. सगळा जन्म पट्ट्याच्या खडखडाटात बोलण्यात गेल्यामुळं माझा आवाज असा झालाय की मी कानात सांगितलं तरी गल्लीला कळतं. हॉस्पिटलात नर्स एकदा धावत आली आणि म्हणाली, मावशी, भांडू नका. मी ह्यांना फक्त चहा सांगत होते.

उभं राहून राहून माझे गुडघे गेले होते. दळणाचा डबा उचलायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. इस्लामपूरला दाखवलं, गोळ्या घेतल्या. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पुन्हा तेच. मग रंजना म्हणाली, आमच्या दत्तादादाकडं या की. दत्तादादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. पाटणच्या बाजूला डोंगरात राहतो. दर अमावास्येला त्याच्या अंगणात माणसं जमायची आणि तो सांधेदुखीची पुडी द्यायचा. पैसा घेत नव्हता, हे आधी सांगते. एक नारळ आणि उदबत्ती, बस्स. त्याच्या वडिलांपासून ते चालत आलेलं.

पुडीला तीन अटी होत्या. वांगं खायचं नाही. डॉक्टरच्या औषधात ती मिसळायची नाही, म्हणजे रोजची बीपीची गोळी चालेल, पण दवाखान्यात दाखल झालं की पुडी बंद.  आणि तिसरी अट सगळ्यांत कडक: कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की औषधाचा गुण जातो, आणि देणाऱ्याची विद्याही जाते. आमच्याकडं ही रीत जुनी आहे. काविळीचं औषध देणारा, विंचू उतरवणारा, सगळे हेच सांगतात. लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळं त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि खोटं कशाला बोलू, गुण आला. आठवडा झाला नाही तोवर मी डबे उचलायला लागले. भूक वाढली. तोंड असं भरलं की बाजारात बायका थांबून म्हणायच्या, शालनबाई, काय खाता ओ, तब्येत कशी सुधारलीया. मी फुशारून जायचे. हाताला नुसता धक्का लागला तरी काळानिळा डाग पडायचा, तिकडं मी लक्षच दिलं नाही. अशी काही वर्षं गेली. रंजनाही तीच पुडी खायची, तिच्या कंबरेसाठी. ती माझ्याहून लहान, पण दुखणं काय वय बघून येतं?

मधे एकदा दत्तादादा गावाला गेला आणि रंजनाची पुडी संपली. तिला लगेच गरगरायला लागलं, उलट्या झाल्या, अंथरुणातून उठवेना. पुडी आली, तोंडात टाकली, की बाई उभी. तेव्हा आम्ही दोघी काय म्हणालो असू? म्हणालो, बघ, केवढा गुण हाय त्यात. सोडली की माणूस पडतंय.

आता हे लिहिताना माझं मलाच हसू येतं आणि रागही येतो.

एवढंसं पडणं

गिरणीच्या उंबऱ्याला पाय अडखळला आणि मी कुशीवर पडले. काही मोठं पडणं नव्हतं. पोरं असं दिवसातून दहादा पडतात. पण उठता येईना. पाय वाकडा होऊन एकीकडंच गेला. मालकांनी आणि शेजारच्या दुकानदारानं मला उचलून जीपमध्ये घातलं, तेव्हा मी जी बोंब मारली ती आष्टा अजून विसरलं नसेल.

सांगलीत फोटो काढला. खुबा मोडलेला. मोठे डॉक्टर फोटो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ह्या वयात हाडं इतकी ठिसूळ कशी? मग रक्त तपासलं तर साखर वाढलेली. मला साखर नव्हती कधी. ती खाली आणायला इन्सुलिन सुरू झालं आणि ऑपरेशन पुढं ढकललं.

दवाखाना सुरू झाला म्हटल्यावर अटीप्रमाणं मी पुडी बंद केली. अट पाळण्यात मी पक्की. एक दिवस गेला, दुसरा गेला, आणि मग तो प्रश्न आला, जो मी सुरुवातीला सांगितला. 'न्हाई' म्हणताना मला जरासुद्धा वाटलं नाही की मी काही लपवतेय. मला वाटलं मी शब्द पाळतेय.

कंबरेतली सुई

भुलीच्या डॉक्टरबाईंचं नाव मुजावर. बारीक अंगाच्या, चष्मा सारखा नाकावर घसरायचा. टेबलावर घेतलं तेव्हा मी थरथरत होते, थंडीनं की भीतीनं ते देव जाणे. त्यांनी आधी जांघेत सुई देऊन मोडक्या पायाची नस बधिर केली, म्हणजे मला कुशीवर वळवताना दुखू नये. मग कंबरेत दुसरी सुई. पाय गरम झाले, जड झाले आणि मग माझे उरलेच नाहीत.

मी विचारलं, मला सगळं ऐकू येणार का? त्या म्हणाल्या, "कंबरेतल्या सुईनं दुखणं थांबतं, भीती थांबत नाही. भीतीसाठी शिरेतून गुंगीचं देते. त्यानं दुखणं थांबत नाही. म्हणून दोन्ही लागतात." मला हे फार पटलं. आमच्या गिरणीत मिरचीचं यंत्र वेगळं, गव्हाचं वेगळं. एकात दुसरं घातलं की दोन्हीचा सत्यानाश. ह्यांच्याकडंही तसंच असणार म्हणून मी निवांत डोळे मिटले.

ऑपरेशन झालं. संध्याकाळी पायात जीव आला आणि त्याच्याबरोबर दुखणंही आलं. नर्सनं विचारलं, दहापैकी किती दुखतंय? मी म्हटलं, दहात कसं सांगू बाई, आमच्यात धान्य मापानं मोजत्यात. सगळ्यांत लहान चिपटं, मग मापटं, शेर, आन मोठ्यात मोठी पायली. ती हसली. म्हणाली, मग किती? मी म्हटलं, पायलीला जरा कमी. तिनं एक बाटली लावली, वर एक इंजेक्शन दिलं, मळमळू नये म्हणून तिसरं. पुढं सगळ्या नर्सना ते माप कळलं आणि येईल ती विचारायची, मावशी, आता चिपटं का मापटं?

मी मुद्दाम सांगते, कारण दुखण्याचं माप द्यायला लाजू नका. सोसण्यासाठी कुणी पदक देत नाही.

मावशी गप्प झाल्या

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पोटात टिकला नाही. मला वाटलं औषधांनी होत असेल. भेटायला आष्ट्याहून माणसं आलेली, शहाळी घेऊन. त्यांतली एक म्हणाली, तोंड तर चांगलं भरलेलं हाय, काय होत न्हाई तुमाला. मला हसायचं होतं, पण गाल हलेनात. अंगातून कुणीतरी ताकद उपसून काढतंय असं वाटायला लागलं. पोटात पीळ पडत होता. खोलीतली माणसं लांब लांब जायला लागली.

नर्स आली. चिपटं का मापटं, तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. ती पोरगी शहाणी. दाराकडं पळत गेली आणि ओरडली, "मावशी गप्प झाल्यात, लवकर या!" इतर पेशंट गप्प झाले की बरं वाटतं, मी गप्प झाले म्हणून ती घाबरली.

त्यापुढचं मला तुटक आठवतं. राहिलेलं ह्यांनी आणि रंजनानं नंतर सांगितलं. माझा रक्तदाब घसरला होता. पायाकडची बाजू उंच केली, दोन्ही हातांत बाटल्या लावल्या, तरी तो वर येईना. काल वाढलेली साखर आज इतकी खाली की वरून साखर द्यावी लागली. मोठे डॉक्टर आले, ईसीजीची पट्टी काढली, पोटावर यंत्र फिरवलं, रक्त पाठवलं. हृदयाचं दुखणं नव्हतं. मग आत कुठं रक्त वाहतंय का? फुप्फुसात गुठळी गेली का? जंतू पसरले का? एकेक शंका निघत होती आणि मी खाली खाली जात होते.

मोठे डॉक्टर ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, कदाचित जखम परत उघडून बघावी लागेल. अशा अवस्थेत परत भूल देणं धोक्याचं आहे, पण वाट बघणंही धोक्याचं. तुम्ही तयारी ठेवा.

आमचे मालक म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. ऊसतोडीच्या टोळीशी भांडतील, पण दवाखान्यात कोपऱ्यात उभे राहतील. ते तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसले. म्हणाले, "साहेब, ती वरडत न्हाई म्हंजे कायतरी लय वंगाळ झालंय बघा."

रंजना

रंजना पलंगाजवळच होती. माझ्या तोंडाकडं बघता बघता तिला ती स्वतः पडली होती ते दिवस आठवले. तेच गरगरणं, त्याच उलट्या, तोच घामानं गार पडलेला हात. ती बाहेर जिन्यात गेली आणि तिनं भावाला फोन लावला.

त्या फोनवर काय झालं ते तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं तेव्हा. तिनं विचारलं, दादा, पुडीत काय असतं? तो म्हणाला, बाबांपास्नं चालत आलेली मुळी हाय, काय विचारतीस. ती म्हणाली, आक्काची शुद्ध चाललीया, मी डॉक्टरला सांगणार. तेव्हा तो म्हणाला, "तोंड उघडलंस तर माझी विद्या गेली आन तुझं म्हायेर गेलं. मला बहीण न्हाई असं समजंन."

रंजनाला आईबाप नाहीत. माहेर म्हणजे हा एकच भाऊ. त्यानंच तिचं लग्न केलं, पहिलं बाळंतपण केलं, दर दिवाळीला न्यायला आला. आणि मी कोण? थोरली जाऊ. घराच्या वाटणीवरून तिच्याशी वर्षभर अबोला धरलेली. माझ्या ह्या आवाजानं चारचौघांत तिला कितीदा बोललेली. ती जिन्यातच गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मलाही कळलं नसतं.

ती आत आली आणि सरळ मुजावरबाईंसमोर उभी राहिली.

"म्याडम, आक्का पुडी खात होत्या. सांधेदुखीची. आमी दोघीबी खातो. इथं आल्यापास्नं त्यांनी बंद केलीया. माझी संपली हुती तवा मला आस्संच झालं हुतं."

आणि तिनं पोलक्यातून कागदात गुंडाळलेली स्वतःची पुडी काढून त्यांच्या हातात दिली.

मुजावरबाई तिला एका शब्दानं बोलल्या नाहीत. कुणाची, कुठली, हेही त्यांनी विचारलं नाही. फक्त विचारलं, किती वर्षं? रंजनानं सांगितलं. बाई मान वर न करता नर्सला म्हणाल्या, हायड्रोकॉर्टिसोन आणा, आत्ताच. मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, उघडायच्या आधी हे देऊन बघू या, सर.

औषधाचं ते नाव आता मला पाठ झालंय. देवाच्या नावाइतकं.

संध्याकाळचं ऊन खिडकीत आलं तेव्हा मी डोळे उघडले. समोर रंजना स्टुलावर बसलेली, पदर तोंडात धरून. मी म्हणाले, भाकरी हाय का गं? आणि ती बाई जी रडायला लागली, ती थांबेचना. मला वाटलं, आता भाकरी मागितली म्हणून रडायचं काय त्यात.

डॉक्टरबाईंनी काय सांगितलं

दुसऱ्या दिवशी मुजावरबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात. स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे. योग्य माणसाला, योग्य मापात दिलं तर जीव वाचवतं. तुम्हाला काल त्यानंच वाचवलं. पण आपल्या मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या हेच औषध शरीरासाठी रोज तयार करतात. बाहेरून आयतं मिळायला लागलं की त्या काम सोडतात. मग अचानक बाहेरचं बंद झालं, आणि वरून ऑपरेशनसारखा ताण आला, की शरीराकडं काहीच उरत नाही.

मी म्हटलं, म्हणजे शेजारीण रोज आयतं पीठ आणून द्यायला लागली की घरचं जातं गंजतं, तसं.

त्या म्हणाल्या, तसंच. आणि तुमचं तोंड भरलं होतं ते सुधारलेल्या तब्येतीचं नव्हतं. साखर वाढली, हाताला डाग पडले, हाडं ठिसूळ झाली आणि उंबऱ्यावरून पडून खुबा मोडला, ते सगळं त्याच्यामुळं असू शकतं.

मला त्या क्षणी कुणाचा राग आला सांगू? बाजारात माझ्या गालांचं कौतुक करणाऱ्या बायकांचा. त्यांचा काही दोष नव्हता, पण राग कुठंतरी जायला पाहिजे होता.

मग त्या रंजनाकडं वळल्या. म्हणाल्या, तुम्ही आता घाबरून पुडी एकदम सोडू नका, नाहीतर तुमचंही तेच होईल. तुमच्या तपासण्या करू, मापातली गोळी देऊ आणि हळूहळू कमी करत आणू. काही महिने लागतील. रंजना मान डोलावत होती, पण तिचे डोळे दुसरीकडंच होते. भावाचा नंबर लागत नव्हता तिला. त्यानं तो बंद करून टाकला होता.

अफू

पुढचे दिवस दुखण्याचे होते. वॉकर धरून उभं करायला एक मुलगी यायची. आवाज मऊ, हात लोखंडी. पाऊल टाकलं की खुब्यातून वीज जायची. त्यासाठी आधी एक कडक इंजेक्शन द्यायचे. कुणीतरी ह्यांच्या कानात घातलं की ते अफूच्या जातीचं असतं. झालं. ह्यांनी नर्सला सांगितलं, ते नको, बायको व्यसनी हुईल.

मी दात आवळून एक सकाळ काढली. दुखण्यानं श्वास पुरा घेता येईना, चालायचं तर लांबच. मुजावरबाईंना कळलं तेव्हा त्यांनी ह्यांना समोर बसवलं. म्हणाल्या, हे औषध अफूच्या घरातलं आहे, खरं आहे, म्हणून तर आम्ही मोजून देतो, श्वासावर लक्ष ठेवतो आणि थोड्या दिवसांत बंद करतो. सूज उतरवणाऱ्या साध्या गोळ्या मावशींच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला आत्ता झेपणार नाहीत. दुखणं दाबलं नाही तर ह्या हलणार नाहीत, आणि हलल्या नाहीत तर पायात गुठळी होईल. तुम्हाला शंका आली, ती मला विचारा. नर्सला परस्पर बंद करायला सांगू नका.

हे मान खाली घालून म्हणाले, "चुकलं. पर मला कुणी सांगितलं न्हवतं."

मला वाटतं दवाखान्यातली निम्मी भीती ह्यातूनच येते. आपण विचारत नाही, आणि त्यांनी विचारलं तर आपण सांगत नाही.

गिरणीत

घरी आले. हळूहळू काठीवर आले आणि एक दिवस गिरणीत खुर्ची टाकून बसले. तोंड उतरलेलं, गाल गेलेले. बायका म्हणायला लागल्या, किती वाळलासा ओ. मी म्हटलं, वाळले न्हाई, खरं तोंड हाय हे माझं. आणि पट्टा चालू असताना, त्या आवाजावर आवाज चढवून, मी पुडीची सगळी कथा सांगितली. दळण घेऊन येईल तिला सांगितली. जे कुणाला सांगायचं नाही ते आष्ट्यात माझ्याइतकं मोठ्यानं कोण सांगणार?

पहिल्यांदा एक घोळ झाला. माझं ऐकून एका बाईनं घाबरून तिची पुडी तडकाफडकी सोडली आणि ती अंथरुणाला खिळली. वेळेत सांगलीला नेली म्हणून निभावलं. तेव्हापासून मी शेवटचं वाक्य आधी सांगते: आपल्या मनानं सोडू नका. आधी डॉक्टरला दाखवा, पुडी सोबत न्या, मग सोडा.

दत्तादादापर्यंत हे पोचलं. तो म्हणाला म्हणे, रंजीनं सांगितलं म्हणून गुण गेला, म्हणून माणसं पडायला लागली. पुढं कळलं की मुळी तो स्वतःच उगाळायचा, पण त्यात घालायची एक पांढरी पूड त्याला कुणी फिरता माणूस आणून द्यायचा. "जुन्या वैद्याची" म्हणून. त्यात काय होतं हे त्यालाही ठाऊक नसावं, असं रंजना म्हणते. मी भांडत नाही. तिचा भाऊ आहे.

दिवाळी आली. दरवर्षी पाडव्याच्या दिवशी दत्तादादा तिला न्यायला यायचा. यंदा ती सकाळपासून पिशवी भरून बसली.  दुपार टळली तेव्हा तिनं पिशवीतलं लुगडं काढून परत कपाटात ठेवलं आणि भांडी घासायला बसली.  मी वाचले त्याची किंमत ही बाई भांड्यांवर राख घासत मोजत होती.

भाऊबिजेला माझा भाऊ संभादादा इस्लामपूरहून आला. फौजेतनं निवृत्त झालेला, पाठीचा कणा अजून ताठ. मी त्याला ओवाळलं आणि तिथंच सांगितलं, दादा, उठू नकोस. आज तुला दोन भनी हायत्या. रंजना नको नको म्हणत होती. मी ताट तिच्या हातात दिलं.

तिनं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. निरांजन उचललं आणि थांबली. ती त्याच्या पायांकडं बघत होती. मग तोंडाकडं. तेव्हा मलाही दिसलं. गेल्या दिवाळीला दादाचा गुडघा वाकत नव्हता, खुर्ची द्यावी लागली होती. यंदा तो पाटावर ऐटीत मांडी घालून बसला होता. आणि गाल असे भरलेले, की मी दारातच म्हणाले होते, दादा, तब्येत लय सुधारली.

"दादा," रंजना म्हणाली, "पुडी कुणाची खाता?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, निरांजनाकडं बघितलं. मग म्हणाला, "ते सांगायचं नसतंय, बाई. गुण जातोय."

"एक भाऊ घालवून बसलीया मी," ती म्हणाली. ताट तिनं खाली येऊ दिलं नाही. "ह्यो बी घालवायचा न्हाई मला. सांगितल्याबगार ववाळणार न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा मी मधे बोलले नाही.

 दादानं सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि ओवाळणी टाकतात त्या जागी, ताटात, कागदाची एक पुडी ठेवली.

रंजनानं त्याला ओवाळलं.